माणूस लावू नका

ज्यांना नखांत ग्रीस गेलेलं खपत नाही त्यांनी जुनं मोटारहोम विकत घेऊ नये. घेतलं असेल तर विकून टाकावं आणि त्या पैशात हॉटेलात राहावं. हॉटेलातलं छत गळलं तर खाली काउंटरवर फोन करता येतो. जुन्या मोटारहोमसाठी सर्व्हिस सेंटरला फोन केला की पहिला प्रश्न येतो, "गाडी कोणत्या सालची?" साल सांगितलं की पलीकडचा आवाज बदलतो. एकतर ते गाडी घेतच नाहीत, नाहीतर असा आकडा सांगतात की तुम्हीच ती नेऊ नये.

माझी गाडी नव्वदच्या दशकातली आहे. फोर्डची ई-३५० चॅसी, साडेसात लिटरचं व्ही-८ इंजिन, मागे जोडचाकं आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला पलंग. अमेरिकेत या जातीला क्लास सी म्हणतात. आमचे इथले मराठी मित्र "तुझा टेम्पो" म्हणतात. म्हणोत बापडे. टेम्पोवाल्याला आपल्या गाडीतलं जेवढं कळतं त्याच्या निम्मंही लाख डॉलरचं नवं मोटारहोम घेणाऱ्याला कळत नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे.

मोटारहोम म्हणजे ट्रकवर बसवलेलं घर. त्यातल्या ट्रकाबद्दल माझी काही तक्रार नाही. याच चॅसीवर अँब्युलन्स धावल्या, कुरिअरच्या गाड्या धावल्या. तिचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि गावातल्या कुठल्याही मेकॅनिकला ती तोंडपाठ असते. रडगाणं सुरू होतं ते घराचं. हे घर फोर्डने बांधलेलं नसतं. अमेरिकेतली बहुसंख्य मोटारहोम आणि ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या परिसरात बनतात, आम्हा मिशिगनकरांच्या सीमेला लागूनच. बाहेरून फायबरग्लासचा पातळ पत्रा, त्यामागे पातळ प्लायवूड, त्यामागे थर्माकोलसारखा फोम, सगळं एकमेकांना चिकटवलेलं. आत लाकडाच्या पट्ट्यांचा सांगाडा, तोही बऱ्याच ठिकाणी स्टेपलने ठोकलेला. असं घर ताशी शंभर किलोमीटरने खड्ड्यांतून पळवायचं आणि मग "गळतं" म्हणून आश्चर्य करायचं!

गळतंच. म्हणून या गाडीची निम्मी देखभाल छतावर होते. पाणी जिथून आत शिरतं तिथे कधीच दिसत नाही, ही त्याची खोड. वरच्या झरोक्याच्या कडेने आत येतं, लाकडाच्या पट्टीवरून सरकत जातं आणि पुढच्या पलंगाच्या कोपऱ्यात उगवतं. तोवर प्लायवूडचा भुगा झालेला असतो आणि बाहेरचा पत्रा सुटून फुगलेला असतो. यावर इलाज आहे, आणि तो अजिबात अवघड नाही. वर्षातून दोनदा छतावर चढायचं. गुडघ्यांवर बसून प्रत्येक झरोका, प्रत्येक पाइप, प्रत्येक कड बोटाने चाचपायची. जिथे सीलंट तडकलंय तिथे प्लास्टिकच्या पट्टीने ते खरवडून काढायचं. छत ईपीडीएम रबराचं असेल तर पेट्रोलियमचं सॉल्व्हंट लावायचं नाही, रबर फुगतं. झरोक्याच्या पट्टीखाली नवी ब्युटाइल टेप, वरून स्क्रू, स्क्रूंवर आपोआप पसरणारं लॅप सीलंट. चार ट्यूब, एक टेप, पाठीत कळ. संपलं काम.

मग सर्व्हिस सेंटरवाले हे करत का नाहीत? करतात, म्हणजे जुन्या तडकलेल्या थरावर नवा थर ओततात आणि बिल देतात. खरवडणं हे कंटाळवाणं काम आहे आणि कंटाळ्याचे तासाला दीडशे डॉलर कोणी सुखाने देत नाही. माझं छत आहे, माझा कंटाळा आहे, मी खरवडतो.

इथे एक शिवी हासडून पुढे जाऊ द्या. ती आहे सिलिकॉनला, आणि ते हाती आलं की देहभान हरपणाऱ्या आधीच्या मालकांना. खिडकी गळली, मार सिलिकॉन. दिवा हलला, मार सिलिकॉन. न्हाणीघराच्या फरशीला ते शोभतं. गाडीच्या कडेवर ते काही काळ धरतं, मग एका बाजूने सुटतं, आणि त्यानंतर त्या जागेवर दुसरं काहीही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. शेवटचा अदृश्य पापुद्रा निघेपर्यंत घासत बसावं लागतं. बंदूक विकताना ओळखपत्र मागतात, सिलिकॉनची ट्यूब विकताना का मागत नाहीत, मला समजत नाही.

आता तज्ज्ञांकडे वळू. इथल्या एका सर्व्हिस सेंटरने माझ्या पाण्याच्या हीटरकडे पाहून निकाल दिला: टाकी गेली, नवा हीटर बसवा. या हीटरची टाकी पोलादी असते आणि तिच्यात मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाण्यातली गंज चढवणारी प्रक्रिया टाकीला सोडून या कांडीला खाते. कांडीने मरावं आणि टाकीने जगावं, अशी ती योजना आहे. म्हणून कांडी दरवर्षी काढून बघायची. हीटर बंद करायचा, पाणी थंड होऊ द्यायचं, दाब सोडायचा आणि एक पूर्णांक एक सोळांश इंचाच्या सॉकेटने ती उलगडायची. माझ्या हीटरमधून बाहेर आली ती नुसती मधली तार, आणि तिच्यामागून पांढऱ्या खड्यांचा ढीग. नवी कांडी वीसेक डॉलरला मिळाली. टाकी अजून तीच आहे.

त्या माणसाला कांडी माहीत नसेल, हे मला पटत नाही. पण वीस डॉलरच्या कांडीत त्याचं पोट भरत नाही, आणि बिघाड शोधण्यात घालवलेल्या तासाचं बिल लावलं तर गिऱ्हाईक भांडतं. अख्खी वस्तू बदलली की सगळे खूश. विजेचंही तेच. दिवे मंद झाले की नवी बॅटरी, ती उकळून गेली की आणखी नवी. जुन्या गाडीतला गुणगुणणारा कन्व्हर्टर बॅटरी भरल्यानंतरही तिला चार्ज करत राहतो आणि तिचं पाणी आटवतो, हे कोणी सांगत नाही. चॅसीला जिथे अर्थिंगची तार जोडली आहे तो बोल्ट गंजलाय, हेही कोणी बघत नाही. बारा व्होल्टच्या निम्म्या भुतांचा उतारा पॉलिश पेपर आणि साध्या मल्टिमीटरमध्ये असतो.

"त्यापेक्षा नवीच का घेत नाहीस?" कारण नवी मी पाहिली आहे. २०२१ साली इथल्या उद्योगाने ट्रेलर धरून सहा लाखांच्या वर गाड्या बाहेर काढल्या, तो त्यांचा विक्रम. महामारीत लोकांना घराबाहेर पडायचं होतं आणि कारखान्यांना थांबायचं नव्हतं. त्या घाईत बनलेल्या गाड्यांचं वर्णन आपल्याकडे आधीच करून ठेवलेलं आहे: वरून कीर्तन, आतून तमाशा. भिंतीएवढा टीव्ही, खोटी शेकोटी, आणि सिंकखाली हाताने घट्ट केलेला, कधीतरी सुटणारा प्लास्टिकचा नट. गिऱ्हाईक कायद्याकडे धावलं तर अनेक राज्यांच्या लेमन लॉमध्ये, म्हणजे सदोष गाड्यांच्या कायद्यात, चॅसी आणि इंजिन बसतं, राहण्याचा भाग बसत नाही. म्हणजे जो ट्रक सहसा बिघडत नाही त्याला संरक्षण आणि जे घर हमखास बिघडतं ते वाऱ्यावर.

आणि वर आमच्या गाड्यांना प्रवेश नाही! अनेक खासगी आरव्ही पार्कांत, म्हणजे मोटारहोमच्या तळांवर, दहा वर्षांहून जुनी गाडी घेत नाहीत. फारच विनवणी केली तर फोटो मागवतात, स्थळ बघताना मागवतात तसा. गाडीची गळती कोणी विचारत नाही, टायर विचारत नाही, गॅस विचारत नाही, जन्मसाल विचारतात. नॅशनल पार्कच्या कॅम्पग्राउंडांना गाडीच्या लांबीची अट असते, वयाची नसते. तिथे मी सुखाने राहतो. खासगीवाल्यांना त्यांची चकचकीत गिऱ्हाइकं लखलाभ.

जुन्या गाडीचं कौतुक करणाऱ्यांशी तर माझं जास्तच वाकडं आहे. जुनं मोटारहोम घ्यायचं, कपाटांना पांढरा रंग द्यायचा, मऊ पडलेल्या जमिनीवर स्टिकरच्या फरश्या चिकटवायच्या, दिव्यांच्या माळा सोडायच्या आणि सूर्यास्तासमोर कॉफीचा कप धरून व्हिडिओ काढायचा. दुरून डोंगर साजरे. त्या व्हिडिओत संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह दिसत नाही आणि हिवाळ्यापूर्वी सगळ्या नळांतून गुलाबी अँटिफ्रीझ खेळवणारा माणूसही दिसत नाही. ओल्या लाकडावर रंग दिला की ओल आत कोंडते आणि कुजणं जोरात चालतं. मग तीच गाडी "पूर्ण नूतनीकरण केलेली" म्हणून दुप्पट भावाने विकतात. घेणारे पडद्यांचा रंग बघतात. टायरच्या कडेवरच्या डॉट क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचत नाहीत. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. मोटारहोमचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. नक्षी नव्यासारखी असते आणि हायवेवर चिंध्या होतात.

राहता राहिले आपले लोक. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत माझ्या नखांकडे बघून कोणीतरी म्हणतंच, "अरे, एवढा शिकलेला तू, माणूस लाव ना एखादा!" सांगणारा बहुधा मेकॅनिकल इंजिनिअर असतो. पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये कानशीने चौकोन घासायचा 'जॉब' त्याने दुसऱ्याकडून करून घेतलेला असतो, जर्नल सीनिअरचं उतरवलेलं असतं, आणि शेजारच्या आयटीआयमधली पोरं आपल्यापेक्षा खालची, एवढं एक मात्र तो नीट शिकून आलेला असतो. हाच गृहस्थ इथे शनिवारी सकाळी लॉन कापतो आणि फोटो टाकतो, कारण त्याचा गोरा साहेबही कापतो. कष्टाला प्रतिष्ठा द्यायची तर आधी साहेबाला ते करून दाखवावे लागतात. वहिनी त्या मानाने सरळ. त्या विचारतात, "तुमच्या त्या सॉकेटने आमचा नळ निघेल का हो?" निघतो.

मी सगळं करतो असा माझा दावा नाही. गॅस आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या फ्रिजच्या बंद नळ्यांत अमोनिया आणि हायड्रोजन असतो. आगीच्या धोक्यामुळे असे फ्रिज दोन्ही मोठ्या कंपन्यांना परत बोलवावे लागले होते. मी त्याचा बर्नर साफ करतो, गाडी सपाट जागी उभी करतो, त्या नळ्यांना हात लावत नाही. प्रोपेनच्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतो. रेग्युलेटर मात्र उघडून 'दुरुस्त' करत नाही, नवा बसवून दाब तपासून घेतो. आपली पायरी ओळखणं वेगळं आणि खुर्चीत बसून माणूस लावणं वेगळं.

माझं म्हणाल तर हे सगळं पगार असलेल्या माणसाचं वेड आहे. पण अशाच गाड्यांत घरभाडं परवडत नाही म्हणून राहणारी माणसं या देशात आहेत. 'नोमॅडलँड' सिनेमात नायिकेची व्हॅन बिघडते आणि दुरुस्तीच्या पैशांसाठी तिला बहिणीपुढे हात पसरावे लागतात. २०२१ साली त्या सिनेमाला ऑस्कर मिळालं. टाळ्या वाजवून घरी गेलेल्यांपैकी कोणी हे विचारलं नाही की मोटारहोम बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या घराच्या भागाचा वायरिंगचा नकाशा मालकाला का देत नाहीत. कुठली तार कुठे जाते हे शोधायला माझ्यासारखे लोक भिंती उचकटतात. एक कागद छापायला खर्च येत नाही. कागद दिला की गिऱ्हाईक स्वतः पाना उचलेल, ही त्यांची खरी भीती.

एवढं ऐकूनही घ्यायचीच असेल तर पावसाच्या दुसऱ्या दिवशी बघायला जा. पुढच्या पलंगाचे दोन्ही कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा आणि संडासाभोवतीची जमीन अंगठ्याने दाबा, कपाटात डोकं घालून वास घ्या. अंगठा आत गेला तर विकणाऱ्याचं पुढचं वाक्य ऐकायला थांबू नका. नाही गेला, तर घासाघीस करा आणि घरी जाताना ब्युटाइल टेप घेऊन जा.