राखणदारांचा तुटवडा

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील निमगाव सावा हे कुकडीच्या पाण्यावर कांदा-ऊस करणाऱ्या गावांपैकी एक. गावात महाविद्यालय आहे. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील अल्पभूधारकांची व शेतमजुरांची मुले तेथे पदवीपर्यंत शिकतात. त्यांच्या घराण्यांत पदवी मिळविणारी ही बहुधा पहिलीच पिढी. त्याच तालुक्यात खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या तीस अँटेना या परिसरातील शिवारांत विखुरलेल्या आहेत आणि जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर काम करण्यासाठी वेळ मागतात. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तेथे भरणाऱ्या प्रदर्शनात खेड्यापाड्यांतील विद्यार्थी आपापली उपकरणे मांडून बसतात. त्या दिवशी खोडदला जाऊन आलेला कोणीही ग्रामीण मुलांना यंत्रविद्येची समज नसते असे म्हणणार नाही.

या दुर्बिणीला रेडिओ लहरींच्या गोंगाटाचा उपद्रव होऊ नये म्हणून आसपासच्या प्रदेशात उद्योगांवर निर्बंध आहेत. ते आवश्यकच आहेत. परंतु त्यांची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कारखाने चाकण-रांजणगावकडे गेले आणि येथील पदवीधर त्यांच्या मागोमाग कंत्राटी कामगार म्हणून गेले. ज्या कामाला धुराडे लागत नाही, कच्चा माल लागत नाही, एक खोली, भरवशाची वीज आणि इंटरनेटची तार एवढ्यावर जे चालू शकते, असे काम या तालुक्याला खरे तर सर्वाधिक सोयीचे. संगणकव्यवस्थांच्या राखणीचे, म्हणजेच सायबर सुरक्षेचे, काम त्या प्रकारचे आहे. आणि नेमक्या याच क्षेत्रात माणसे मिळत नाहीत, अशी ओरड गेली काही वर्षे जगभर चालू आहे.

ही ओरड अर्थशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिली पाहिजे. या व्यवसायाची प्रमाणपत्रे देणाऱ्या ‘आयएससी-टू’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२४ साली जगात ४८ लाख सुरक्षा-तज्ज्ञांची उणीव असल्याचे सांगितले. प्रत्यक्ष काम करणारे त्या वेळी सुमारे ५५ लाख होते. आकडा डोळे दिपविणारा आहे. पण त्याच पाहणीत उणिवेचे कारण म्हणून योग्य माणसांच्या अभावापेक्षा पैशाच्या अभावाचा उल्लेख अधिक जणांनी केला. याचा सरळ अर्थ असा की, मालकांना राखणदार हवे आहेत, मात्र त्यांच्यासाठी खर्च करावयाचा नाही. खरा तुटवडा असलेल्या बाजारात नवख्याचाही भाव वाढतो आणि गिऱ्हाईक स्वतः माणसे शिकवून तयार करू लागते. येथे उलट आहे. पहिल्याच नोकरीसाठी दोन-तीन वर्षांचा अनुभव मागितला जातो. ज्या सीआयएसएसपी प्रमाणपत्राला या व्यवसायात सर्वात मोठा मान आहे, त्याच्या परीक्षेचे शुल्क सुमारे साडेसातशे डॉलर, म्हणजे साठ हजार रुपयांहून अधिक, आणि ते पूर्ण पदरात पडण्यासाठी साधारणतः पाच वर्षांचा अनुभव आवश्यक. निमगावच्या शेतमजुराची ती कित्येक महिन्यांची मजुरी झाली. नवशिक्यांसाठी याच संस्थेने २०२२ साली दहा लाख जणांना प्राथमिक परीक्षा मोफत देण्याचे जाहीर केले, ही चांगली गोष्ट. पण उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र राखण्यासाठी वर्षाला पन्नास डॉलर भरावे लागतात.

हे सर्व शहरी कंपन्यांचे प्रकरण आहे, खेड्यातील माणसाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. संबंध फार जवळचा आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकव्यवस्थेत शिरलेल्या चोरांनी बनावट कार्डांच्या साहाय्याने अवघ्या काही तासांत २८ देशांतील यंत्रांमधून पैसे काढले. सोमवारी उरलेला घाव घातला गेला आणि एकूण ९४ कोटी रुपये गेले. १९०६ साली स्थापन झालेल्या, सहकाराच्या क्षेत्रात अग्रगण्य असलेल्या बँकेवर ही वेळ आली. ३१ जुलै २०२४ रोजी तर सुमारे तीनशे लहान बँकांचे ग्राहक एकाएकी व्यवहारांपासून तोडले गेले, कारण या बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या एकाच कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोरांचा हल्ला झाला होता. त्या बँकांपैकी बहुतेक सहकारी किंवा प्रादेशिक ग्रामीण बँका होत्या. जिचा हिशेब स्वतःच्या कपाटात नसून परगावच्या ठेकेदाराच्या यंत्रात आहे, अशा संस्थेची स्वायत्तता किती आणि परावलंबन किती, हे त्या दिवशी उघडे पडले.

रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये नागरी सहकारी बँकांची चार स्तरांत विभागणी करून प्रत्येक स्तराला सुरक्षेचे नियम घालून दिले. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेबाहेर आहेत, आणि जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याची, शिक्षकाची, टोमॅटोच्या व्यापाऱ्याची शिल्लक पुष्कळदा तेथेच असते. दूध संस्थांचे हिशेब, विकास सोसायट्यांची कर्जखाती, ग्रामपंचायतीचे दाखले हे सर्व आता संगणकावर आहे. त्याची राखण कोण करतो? बहुतेक ठिकाणी सचिवाच्या टेबलाच्या काचेखाली पासवर्ड लिहिलेला कागद असतो. (कुलपाची किल्ली कुलपालाच टांगून ठेवण्याची ही तऱ्हा केवळ खेड्यातच आहे असे मात्र कोणी समजू नये.)

संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशातील नागरिकांचे सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटींचा होता. राज्य सरकारने ८३७ कोटींचा सायबर सुरक्षा प्रकल्प हाती घेतला, मदतीसाठी १९३० व १९४५ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. चोरी झाल्यानंतरची ही व्यवस्था हवीच. परंतु तालुक्याच्या पातळीवर, चोरी होण्यापूर्वी कडी-कोयंडा तपासणारा माणूस या योजनेत कोठे दिसत नाही.

दरम्यान गरीब घरातील तरुणाला या व्यवसायाचे एक दार उघडे आहेच, आणि ते मागचे दार आहे. कॉसमॉस प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने २०२३ साली अकरा जणांना शिक्षा ठोठावली. ते होते यंत्रांतून पैसे काढणारे हस्तक. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने ज्यांचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला, ते या हल्ल्याचे कर्ते पुण्याच्या न्यायालयापुढे कधी उभे राहिलेच नाहीत. आज कमिशनच्या लोभाने स्वतःचे बँकखाते ‘भाड्याने’ देणारे विद्यार्थी याच साखळीचे शेवटचे कडे होत. त्याहून विदारक प्रकार म्यानमारच्या सीमेवरचा. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी म्हणून नेलेल्या तरुणांना तेथील बंदिस्त वसाहतींत कोंडून फसवणुकीच्या कामाला जुंपण्यात आले; मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना सरकारने विमानाने परत आणले. जे शिक्षण समाज देत नाही ते गुन्हेगारी भांडवल देते आणि वेतनही ठरवून देते. मुलांना ही विद्या शिकविली तर ती चोर होतील, ही शंका घेणाऱ्यांनी, न शिकविल्याने काय झाले याकडे एकदा पाहावे.

अशा वेळी कैलास काटकरांचे उदाहरण हटकून दिले जाते. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचा हा मुलगा दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करू लागला, पुढे संगणक दुरुस्त करू लागला, धाकटे बंधू संजय यांना त्याने संगणकशास्त्र शिकविले आणि १९९० च्या दशकात दोघांनी मिळून विषाणूरोधक प्रणाली तयार केली. त्यातून ‘क्विक हील’ ही कंपनी उभी राहिली व २०१६ साली शेअर बाजारात गेली. ही गोष्ट प्रत्येक ग्रामीण महाविद्यालयात सांगितली पाहिजे, पण पूर्ण सांगितली पाहिजे. थोरल्या भावाच्या मजुरीवर धाकट्याचे शिक्षण झाले, हा तिच्यातील खरा अर्थशास्त्रीय भाग आहे. ज्याला असा भाऊ नाही त्याच्यासाठी तो भाग शासनाने आणि समाजाने उचलावयाचा असतो.

शासनाने काय केले? २००१ पासून ‘कायम विनाअनुदानित’ हे धोरण आले आणि संगणकाचे अभ्यासक्रम जवळजवळ सर्वत्र त्याच सदरात गेले. परिणाम असा की, एकाच महाविद्यालयाच्या एकाच इमारतीत इतिहास किंवा वाणिज्य शिकणाऱ्या मुलाला अनुदानाची सावली आहे आणि संगणकशास्त्र शिकणाऱ्याला नाही. ज्या ज्ञानाने रोजगार मिळण्याचा संभव अधिक, नेमके तेच महाग. २०२४ साली बीसीए अभ्यासक्रमाला सामाईक प्रवेश परीक्षा लावण्यात आली. पहिल्याच वर्षी राज्यभर हजारो जागा रिकाम्या राहिल्या. परीक्षेचा अर्ज वेळेवर कळणे हीच ज्यांची पहिली परीक्षा, त्यांचे काय झाले असेल हे सांगावयास नको. त्याच वर्षी आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ करण्यात आले. तो निर्णय निःसंशय स्वागतार्ह. पण शुल्क माफ झाले तरी एसटीचे भाडे, लॅपटॉप आणि डॉलरमधील परीक्षा राहतातच. शिवाय जुन्नर-आंबेगावात बिबट्याच्या भयाने अंधार पडल्यावर मुलीला एकटीने रस्त्याने येऊ देण्यास कोणते आईबाप तयार होतील? येथे सायंवर्गाचा प्रस्ताव मांडणाऱ्याने तालुका पाहिलेला नाही असेच म्हणावे लागेल.

याउलट अनुभवही महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. २००१ साली सुरू झालेला ‘एमएस-सीआयटी’ हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम मराठीतून गावोगाव पोहोचला. तो मुख्यतः फी घेऊन चालणाऱ्या केंद्रांतून पोहोचला आणि त्यात पुष्कळ ठिकाणी केवळ कागद मिळविण्याचा प्रकारही झाला, हे खरे आहे. तरीही तो पसरला, कारण शासनाने नोकरीसाठी संगणक-अर्हता आवश्यक केली. मागणी शासनाने निर्माण केली. डाव्या चळवळीने येथे स्वतःचीही एक नोंद तपासावी. १९८० च्या दशकात बँकांतील संगणकाला जो विरोध झाला, त्यामागील बेकारीची भीती अनाठायी नव्हती. परंतु यंत्र आल्यानंतर ते चालविण्याचे आणि राखण्याचे ज्ञान श्रमिकांच्या मुलांच्या हाती यावे, ही मागणी तितक्या त्वेषाने झाली नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे या व्यवसायातील प्राथमिक पायरीची काही कामे यंत्रेच करू लागली आहेत. ती पायरी झिजण्याआधी तिच्यावर पाय ठेवला पाहिजे.

मागणी तालुक्यातच आहे. पतसंस्था, दूध संस्था, ग्रामपंचायती आणि शाळा यांना राखणदार हवेत. महाविद्यालयात मुले आहेत. उणीव आहे ती दोहोंना जोडणाऱ्या वेतनयुक्त उमेदवारीची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घालून दिला आणि विद्यापीठात तो आजही चालू आहे. मात्र पुष्कळ ठिकाणी त्याखाली ग्रंथालयातील पुस्तके लावणे किंवा बागेला पाणी घालणे एवढेच काम मिळते. त्याऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या तुकडीने, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, दर महिन्याला दहा-बारा संस्थांची तपासणी करावी: पासवर्ड बदलले का, हिशेबाची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवली आहे का, सोडून गेलेल्या कारकुनाचे प्रवेशाधिकार बंद केले का, ठेकेदाराशी झालेल्या करारात हल्ल्याच्या प्रसंगी जबाबदारी कोणाची आहे. यासाठी अतिविद्वत्ता लागत नाही. अमेरिकेत बर्कली, एमआयटी, इंडियाना आदी विद्यापीठांनी २०२१ मध्ये अशा विद्यार्थी-चिकित्सालयांचा संघ स्थापन केला; लहान नगरपालिका आणि सेवाभावी संस्था यांची तपासणी तेथे विद्यार्थी विनामूल्य करतात. निमगावच्या विद्यार्थ्याने मात्र ती विनामूल्य करू नये. त्याला मोबदला मिळाला पाहिजे आणि केलेल्या कामाचा दाखला मिळाला पाहिजे, कारण कंपन्या जो अनुभव मागतात तो हाच.

पैसा कोठून आणावयाचा? राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ साली बारावी उत्तीर्णाला सहा, पदविकाधारकाला आठ आणि पदवीधराला दहा हजार रुपये मासिक विद्यावेतन ठरले. सहा महिन्यांची ही मुदत पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढली. कार्यालयांत फायली हलविण्यात गेलेले ते महिने अशा तुकड्यांना मिळते तर मुदतीनंतर त्या तरुणांच्या हाती काही विद्या उरली असती. दुसरा मार्ग सहकाराच्या स्वतःच्या घरातला आहे. सहकार कायद्यात शिक्षण व प्रशिक्षणासाठी संस्थांनी वर्गणी देण्याची तरतूद आहे. त्या निधीतून मराठी पाठ्यपुस्तके, दुपारचे वर्ग, आणि परीक्षेचे शुल्क निघू शकते. प्रशिक्षित मुले पुण्याला निघून जातील, हा आक्षेप संचालक मंडळी घेतील. काही जातील. जी राहतील त्यांना किती वेतन द्यावयाचे हे त्याच मंडळींच्या हाती आहे.

संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर होतात. अहवाल वाचल्याचे समजून मंजूर, लाभांश जाहीर, चहा, एवढ्यात त्या आटोपतात. जुन्नर-आंबेगावातील जे कार्यकर्ते अशा संस्थांचे सभासद आहेत त्यांनी यंदा दोन प्रश्न लेखी द्यावेत: शिक्षण निधीची वर्गणी गेल्या तीन वर्षांत किती भरली आणि तिचा उपयोग कोणासाठी झाला, आणि संस्थेच्या संगणकाची तपासणी शेवटची कधी, कोणाकडून झाली. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे व त्याची प्रत निमगावच्या महाविद्यालयात नेऊन द्यावी.