चष्मा मोबाइलमुळे लागतो की शाळेमुळे?

मुलाला चष्मा लागला, की घरात पहिला राग मोबाइलवर निघतो. तो अगदीच अस्थानी नाही. पण लघुदृष्टी मोबाइलच्या आधीपासून वाढते आहे आणि तिचे धागेदोरे थेट शिक्षणाशी जुळतात.

डोळ्यात नेमके काय होते?

वाढत्या वयात नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांब वाढतो. लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते. फळा धूसर दिसू लागतो. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही आणि साधा चष्मा ही वाढ रोखत नाही. नंबर फार वाढला, तर पुढे पडदा सुटण्याचा आणि काचबिंदूचा धोका असतो.

शाळेचा संबंध काय?

ब्रिटनमध्ये २०१८ साली जनुकीय माहितीच्या आधारे झालेल्या अभ्यासात शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे सुमारे पाव नंबर वाढल्याचे दिसले. दिल्लीत ५ ते १५ वयोगटातील शाळकरी मुलांच्या २०१५ मधील पाहणीत १३ टक्के मुलांना लघुदृष्टी आढळली. सरकारीपेक्षा खासगी शाळांत प्रमाण जास्त होते. अभ्यास जास्त आणि बाहेर खेळणे कमी, असे हे गणित आहे.

मग शाळा कमी करायची का?

मुळीच नाही. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास वर्गाबाहेर दिला. तीन वर्षांत इतर शाळांत शंभरातल्या सुमारे ४० मुलांना लघुदृष्टी आली, या शाळांत ३० मुलांना. वर्गात काहीशे लक्स उजेड असतो, बाहेर सावलीतही काही हजार. हा उजेड डोळ्याची लांबी आटोक्यात ठेवतो, असे संशोधक मानतात. त्यासाठी भर उन्हात उभे राहायला नको; झाडाखालीही चालते.

कोल्हापूरने काय करावे?

इथे पेठापेठांत तालमी आहेत, फुटबॉलचे वेड आहे. तरीही स्कॉलरशिपचे जादा तास सुरू झाले, की पहिला बळी पीटीच्या तासाचा जातो. शाळेनंतर ट्यूशन, ट्यूशननंतर गृहपाठ. उजेड असेपर्यंत मूल छताखालीच असते. पालक म्हणून आपणच हे मागतो, त्यामुळे दोष एकट्या शाळेला देता येत नाही.

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान बंधनकारक केले आहे. ते वापरण्यासाठी वेगळा निधी लागत नाही. चौथीपर्यंतच्या वर्गांना रोज एक तास बाहेर द्यावा आणि तो गणिताला देऊ नये. गोष्ट, पाढे, परिसर अभ्यास झाडाखालीही शिकवता येतात. जिथे मैदान नाही, तिथे जवळचे महापालिकेचे उद्यान आहे.

ज्यांना चष्मा लागलाच आहे, त्यांच्यासाठी वेळेवर तपासणी महत्त्वाची. फळ्यावरचे न दिसणारे मूल तक्रार करत नाही. वहीत चुका करते आणि ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी खाते. मुलीला चष्मा लावायला तर काही घरांत आजही टाळाटाळ होते. वर्षातून एकदा डोळे तपासावेत, नंबर निघाला तर चष्मा नियमित लावावा. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा गैरसमज आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. खासबाग मैदानही त्यांचेच. शाळा आणि मैदान यांत निवड करावी लागते, असे या शहराला तरी वाटू नये.