गाडीवाचून कुरणात

इंग्लंडच्या पूर्वेला, केंब्रिजशायरमध्ये, रीच लोड नावाचा एक जुना कालवा आहे. २०१० साली त्याच्यावर नवा पूल झाला. हा पूल मोटारींसाठी नाही. पायी चालणारे आणि सायकलवाले यांच्यासाठी तो बांधला. जवळ बाजार नाही, गर्दीचं ठिकाण नाही. गवत, पाणी आणि लांबवर एखादं शेतघर. एवढ्या मोकळ्या रानात एवढा खर्च कशाला, असं कुणालाही वाटेल. मला मात्र तो पूल फार शहाणपणाचा वाटतो, आणि तो का, हे मी साताऱ्याची म्हणून मला आज सांगायचंच आहे.

लोड्स वे नावाच्या सायकलवाटेवर हा पूल लागतो. बॉटिशमपासून विकेनपर्यंतची ही वाट साधारण १४ किलोमीटरची. केंब्रिजहून निघालं, तर राष्ट्रीय सायकल जाळ्यातला ५१ क्रमांकाचा मार्ग बॉटिशमपर्यंत आणून सोडतो. तिथून पुढे ११ क्रमांकाच्या पाट्या धरायच्या. अधूनमधून गावचे अरुंद रस्ते लागतात, पण मधला मोठा भाग शेतांच्या बांधांवरून, कालव्याकाठून आणि ओल्या कुरणांमधून जातो. वाट संपते ती विकेन फेनशी. पाणथळ गवताचं, बोरूचं हे राखीव रान. नॅशनल ट्रस्टने १८९९ साली इथली दोन एकर जमीन दहा पौंडांना घेतली आणि संस्थेच्या राखीव क्षेत्रांची सुरुवात तिथून झाली. आज इथे नोंदलेल्या प्राणी, कीटक आणि वनस्पतींच्या जाती नऊ हजारांच्या वर आहेत.

लेक केंब्रिजला असते. जूनमध्ये तिच्याबरोबर या वाटेने गेले. पाट्यांवरची नावं, अंतरं सगळं तिला पाठ. मला मात्र पहिल्यांदा जाणवला तो आवाज. मागून हॉर्न येणार नाही याची खात्री झाली की खांदे आपोआप खाली येतात आणि कान उघडतात. आधी चंडोल ऐकू आला, मग बोरूतल्या वटवट्यांची कुरबुर, आणि एका वळणावर कक्कू. पुस्तकातला कक्कू, अगदी तसाच, दोनच सूर. आपली कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. इथली कक्कूची मादी वटवट्याच्या एवढ्याशा घरट्यात घालते. केंब्रिजचे पक्षिशास्त्रज्ञ निक डेव्हिस यांनी या फसवणुकीचा अभ्यास १९८०च्या दशकापासून याच विकेनमध्ये केला. वटवट्या परकं अंडं कसं ओळखतो, कक्कूची मादी त्याला चकवायला काय काय करते, हे जगाला कळलं त्यात या बोरूचा वाटा मोठा आहे. त्यांच्या डोळ्यांदेखत इथले कक्कू कमीही होत गेले. म्हणून ते दोन सूर ऐकताना मी सायकल थांबवली आणि ते पुन्हा येईपर्यंत थांबून राहिले. मोटारीत बसून हा पक्षी कानावर पडलाच नसता.

आता पुलाकडे येते. या भागातली जमीन म्हणजे हजारो वर्षं साचलेल्या वनस्पतींची काळी, स्पंजासारखी माती. सतराव्या शतकापासून पैसेवाल्यांनी भांडवल घालून ही दलदल उपसली आणि मोबदल्यात जमिनी घेतल्या. पाणी गेलं, की ही माती वाळते, आक्रसते, हवेत जळून जाते. इथून लांब, होम फेनला, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जमिनीशी डोकं समपातळीत ठेवून गाडलेला लोखंडी खांब आज चार मीटर उघडा पडला आहे. जमीन अशी खचत गेल्यामुळे कालवे शेतांच्या वर राहिले. ते रोमन काळातले असावेत असं मानतात. म्हणजे दोन गावं समोरासमोर दिसतात, पण मधल्या उंच पाण्यावर पूल नसेल, तर सायकलला डांबरी रस्त्याचा वळसा, आणि त्या रस्त्यावर भरधाव मोटारी. पोर बरोबर असलेली बाई त्या रस्त्यावर सायकल घालणार नाही. बाकीची सगळी वाट तयार असून उपयोग शून्य, कारण मधला तेवढा तुकडा नाही.

सस्ट्रान्स या संस्थेने नेमके असे तुकडे शोधले. २००७ साली टीव्हीवरच्या जाहीर मतदानात त्यांच्या योजनेला लॉटरी निधीतले पाच कोटी पौंड मिळाले. देशभर नदी, रेल्वे किंवा मोठ्या रस्त्यामुळे तुटलेल्या वाटा जोडायच्या, एवढंच तिचं काम. लोड्स वे त्यातलीच. याच संस्थेने २०२० साली आणखी एक धीराचं काम केलं: आपल्याच राष्ट्रीय जाळ्याचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यांनी यादीतून वगळला किंवा त्याचा दर्जा बदलला, कारण नवख्या सायकलस्वाराला तो रहदारीचा रस्ता सुरक्षित नव्हता. नकाशावरचे किलोमीटर असे स्वतःहून कमी करणाऱ्यांचा मला आदर वाटतो. रस्त्याकडेला पांढरा पट्टा ओढून त्याला सायकल मार्ग म्हणणं सोपं असतं.

विकेनच्या भोवतालच्या शेतजमिनीही हळूहळू कुरणाकडे परतताहेत. शंभर वर्षांत हे राखीव क्षेत्र केंब्रिजच्या दिशेने ५३ चौरस किलोमीटरपर्यंत वाढवायचं, असा संकल्प ट्रस्टने १९९९ साली सोडला. शेजारच्या अॅडव्हेंचरर्स फेनवर दुसऱ्या महायुद्धात बटाटे आणि बीट पिकवण्यासाठी नांगर फिरला होता. तिथे आज पुन्हा पाणी आणि गवत आहे. गवत झुडपांखाली गाडलं जाऊ नये म्हणून पोलंडच्या वंशाचे कोनिक घोडे आणि झिपऱ्या हायलँड गायी चरायला सोडल्या आहेत. बरवेल फेनवर हिवाळ्यात आखूड कानाची घुबडं भरदिवसा गवतावर घिरट्या घालतात, आणि ती बघायला कित्येकजण सायकलीवरूनच येतात.

हे सगळं बघताना कासचं फुलांचं पठार आठवणं साहजिक होतं. २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं आणि साताऱ्यापासून २५ किलोमीटरवरच्या आमच्या पठारावर मोटारींचा पूर आला. गावांच्या समित्यांनी आणि वनविभागाने पुष्कळ केलं: दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा, आगाऊ नोंदणी, वाहनतळ पठारापासून दूर. मधल्या काळात कुंपण आलं, गुरं बाहेर राहिली, आणि मोठं गवत माजून गेंद आणि सीतेची आसवं झाकली जातात, असं स्थानिक लोक आणि अभ्यासक सांगू लागले. मग कुंपणही निघालं. चराईचं हे गणित विकेनमध्येही तेच आहे, म्हणून मला ते पटतं. तरीही मोसमातल्या रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागतेच.

बामणोलीकडचा रस्ता बंद करा, असं मी म्हणणार नाही. त्या खोऱ्यातल्या गावांची एसटी, दवाखाना, दूध, सगळं त्याच रस्त्याने चालतं. पण कासवरून महाबळेश्वरच्या दिशेने जाणारा जुना राजमार्ग आहे. कुमुदिनी तलाव बघायला लोक त्यावरून चालत जातात. जांभ्या दगडाचा, खडबडीत, पण सायकलला पुरणारा. तिथून पुढे सायकलवाट नीट आखता येईल. अट एकच आणि ती कडक हवी: चाक आहे त्या वाटेवरच राहील, सड्यावर उतरणार नाही. तिथे मातीचा थर बोटभर असतो, आणि दवबिंदूचं रोपटं चाकाखाली आलेलं कळतही नाही.

सायकली वाहनतळावर भाड्याने मिळाव्यात, समितीच्या गावांतल्या मुलांनी त्या सांभाळाव्यात, पैसे गावात राहावेत. ज्यांना घाट चढवत नाही त्यांच्या सायकली टेम्पोने वर आणाव्यात. सातारकर सायकलस्वार पहाटे यवतेश्वर चढतातच. पठारावर पोचल्यावर त्यांना मोटारींच्या मधून वाट काढावी लागू नये. यात रीच लोडसारखा पूल बांधायचा नाही, की पाच कोटी पौंड लागत नाहीत. फुलांच्या मोसमाची आखणी फुलं यायच्या आधीच होते. यंदाच्या बैठकीत वनविभागासमोर आणि समितीसमोर हा विषय यावा, म्हणून हे आत्ताच लिहिलं आहे.