मोटारीचे भुईभाडे

उपनगरातल्या एखाद्या स्टेशन परिसरात, भर बाजारपेठेत रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या वाहनांवर शुल्क आकारण्याचा प्रस्ताव महापालिकेपुढे आला, की एरवी कोणत्याच प्रश्नावर एकत्र न येणारे पक्ष एका सुरात बोलू लागतात. ‘जिझिया कर’, ‘सामान्य माणसाची लूट’, ‘आधी सोयी द्या, मग पैसे मागा’ या घोषणा जणू तयारच असतात. समाजवादी विचारांचे कार्यकर्तेही पुष्कळदा या सुरात सूर मिळवतात. दरवाढीला विरोध करणे हा त्यांच्या चळवळीचा जुना वारसा आहे आणि पाणीपट्टी, बसभाडे, शाळेची फी यांच्या बाबतीत तो सर्वस्वी योग्य आहे. तथापि सर्वच शुल्के एका जातीची नसतात. पैसे कशाबद्दल घेतले जात आहेत, कोणाकडून घेतले जात आहेत आणि ते कोणासाठी खर्च होणार आहेत, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून एखाद्या शुल्काला विरोध करणे म्हणजे विचाराची जागा सवयीला देणे होय. सशुल्क वाहनतळाच्या प्रश्नावर नेमके हेच घडत आहे.

उपनगरांच्या मध्यवर्ती भागातील रस्ते आज आहेत तेवढेच राहणार आहेत, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. मुलुंड पश्चिमेचे एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते १९२० च्या दशकात आखले गेले. त्या काळी मोटार ही मोजक्या धनिकांची चीज होती. मालाड, कुर्ला, ठाणे, डोंबिवली अशा कोणत्याही स्टेशनाबाहेर उभे राहिले तर चित्र थोड्याफार फरकाने सारखेच दिसते. त्या अरुंद पट्टीवर गाडी पकडण्यासाठी धावणाऱ्यांचा हक्क असतो, बसचा आणि रिक्षाचा असतो, भाजी विकणाऱ्या बाईचा असतो, दुकानात माल उतरवणाऱ्या टेम्पोचा असतो. या सर्वांच्या जोडीला असते ती सकाळी नऊला येऊन रात्री नऊपर्यंत जागची न हलणारी खाजगी मोटार. या मागणीदारांपैकी सर्वाधिक जागा अडवणारी आणि त्या जागेवर सर्वात कमी उपयोगाचे काम करणारी तीच. पण फुकट जागेचा तिचा हक्क मात्र सर्वांनी गृहीत धरलेला असतो.

हे गृहीतक किती विषम आहे, हे मोजूनच पाहिले पाहिजे. मुंबईतील फेरीवाल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये ज्या अटी घातल्या, त्यांनुसार एका फेरीवाल्याच्या वाट्याला एक मीटर लांब व एक मीटर रुंद एवढी जागा आली. एका मोटारीला उभे राहण्यासाठी साधारणतः पाच मीटर लांब व अडीच मीटर रुंद, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. याचा अर्थ असा की, एक मोटार जेवढी जागा व्यापते तेवढ्यात बारा कुटुंबांचा चरितार्थ चालू शकतो. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मुंबईतल्या एका कुटुंबाला मिळणारे घर तीनशे चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे अठ्ठावीस चौरस मीटरचे असते. दोन मोटारी आणि एक स्कूटर उभी केली की एका संसाराची जागा संपली!

यापुढचा विरोधाभास तर अधिकच बोलका आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर स्टेशन परिसर मोकळे करण्याची मागणी सर्वत्र झाली. १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्टेशनापासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई असल्याचा निर्णय दिला. प्रवाशाला चालायला वाट हवी, हे तत्त्व रास्तच आहे. परंतु ती वाट एक मीटर जागा घेणाऱ्या टोपलीने अडते आणि साडेबारा मीटर जागा घेणाऱ्या मोटारीने अडत नाही, असे कसे म्हणता येईल? फेरीवाल्यासाठी दीडशे मीटरची रेषा आखली गेली. खाजगी मोटारीसाठी तशी कोणतीही रेषा आखण्याचे कोणाला सुचले नाही. गावच्या आठवडे बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसणारी म्हातारीसुद्धा ग्रामपंचायतीचे भुईभाडे भरते. मोटारीने ते का भरू नये, हा प्रश्न म्हणूनच अगदी साधा आहे.

हा भार नेमका कोणावर पडतो? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील शंभर कुटुंबांपैकी मोटार असलेली कुटुंबे दहाही नाहीत. दुचाकी असलेली कुटुंबे सुमारे निम्मी आहेत. शहरांत हे प्रमाण काहीसे अधिक असले तरी मोटारवाला हा अल्पसंख्यच आहे. अर्थशास्त्राचा एक प्राथमिक नियम असा, की कोणतीही दुर्मिळ वस्तू फुकट दिली म्हणून तिची किंमत नाहीशी होत नाही. ती फक्त दुसऱ्याच्या माथी जाते. येथे ती पदपथ सोडून रस्त्याच्या मधून चालणाऱ्या वृद्धाच्या माथी जाते, कोंडीत अर्धा तास अडकलेल्या बसमधील साठ प्रवाशांच्या माथी जाते आणि अतिक्रमणविरोधी पथकाने माल उचलून नेलेल्या फेरीवाल्याच्या माथी जाते. पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९५० च्या दशकातच रस्त्याकडेच्या जागेला मागणीनुसार मोल लावावे असे सुचवले होते. भारत सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानेही, वाहनतळाचे शुल्क जमिनीच्या मोलाशी निगडित असावे व त्यायोगे सार्वजनिक वाहतुकीकडे लोकांचा ओढा वाढावा, असे म्हटले आहे. तात्पर्य, ही कल्पना नवी नाही, उणीव आहे ती अंमलबजावणीची.

‘रस्ता आमच्याच करांतून झाला आहे, मग पुन्हा पैसे कशाला?’ हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण मोटारीवरील कर राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. गल्लीबोळांचे रस्ते राखण्याचा खर्च महापालिकेला करावा लागतो. त्या खर्चात ज्याच्यापाशी वाहन नाही असा मनुष्यही आपला वाटा उचलतो. शिवाय रस्ता सर्वांचा आहे याचा अर्थ तो अडवून ठेवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, असा होत नाही. सार्वजनिक उद्यान सर्वांचे असते, म्हणून तेथे कोणी आपले कपाट आणून ठेवत नाही.

लोकप्रतिनिधी या बाबतीत किती हळवे होतात, याचे उदाहरण पुण्याने घालून दिले आहे. मार्च २०१८ मध्ये पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत वाहनतळ धोरण मंजूर झाले; पण विरोधाची धार पाहून ते प्रायोगिक तत्त्वावर पाच रस्त्यांपुरते मर्यादित करण्यात आले आणि तेवढेही वर्षानुवर्षे कागदावरच राहिले. आता दुसरे उदाहरण पाहावे. मुंबईत ९ मे २०२५ पासून ‘बेस्ट’च्या साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये आणि वातानुकूलित बसचे सहावरून बारा रुपये झाले. घरकाम करणारी बाई, सुरक्षारक्षक, रुग्णालयातील आया यांना ही दुप्पट रक्कम पहिल्याच दिवसापासून मोजावी लागली. त्यांच्यासाठी प्रायोगिक पाच रस्ते नव्हते. जो बसने येऊन रस्त्यावरची जागा वाचवतो त्याने दुप्पट पैसे द्यावेत आणि जो मोटारीने येऊन ती अडवतो त्याला जागा फुकट मिळावी, हा न्याय उफराटा आहे.

याचा अर्थ महापालिका जे जे करील ते ते शिरोधार्य मानावे, असा मुळीच नव्हे. मुंबईतला अनुभव उद्बोधक आहे. सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्या बिल्डरांना जादा चटईक्षेत्र देण्याची योजना २००८ च्या सुमारास आली. बिल्डरांना मजले मिळाले. वाहनतळ मात्र पुष्कळ ठिकाणी ओस पडले, कारण बाहेरच्या रस्त्यावर गाडी फुकट उभी करता येत असताना आत जाऊन पैसे कोण देणार? मग जुलै २०१९ मध्ये महापालिकेने दुसरे टोक गाठले. ठराविक वाहनतळांपासून पाचशे मीटरच्या आत बेकायदा गाडी लावणाऱ्यांवर पाच हजार रुपये व त्याहून मोठे दंड जाहीर झाले. एकीकडे फुकटेगिरी, दुसरीकडे एकाएकी पाच-दहा हजारांचा दंडुका. या दोहोंच्या मधला, तासाला वाजवी भाडे घेण्याचा साधा आणि सातत्याचा मार्ग मात्र क्वचितच धरला गेला.

सशुल्क वाहनतळाला घेतले जाणारे तीन आक्षेप मात्र गंभीर आहेत आणि त्यांना उत्तर दिलेच पाहिजे. पहिला आक्षेप असा, की पैशाने जागा वाटली तर ती पैसेवाल्यालाच मिळेल. हे खरे आहे; म्हणूनच केवळ दर लावून भागणार नाही. प्रथम पदपथ मोकळा, मग बसथांबा व रिक्षातळ, मग फेरीवाल्यांचे अधिकृत क्षेत्र, मग माल चढवण्या-उतरवण्याची जागा आणि अपंगांच्या वाहनांची राखीव जागा, असा हक्कांचा क्रम आधी ठरला पाहिजे. एवढे करून जी जागा उरेल तीच भाड्याने द्यावी. खाजगी मोटार रांगेत शेवटची आहे. पैसे भरल्याने तिचा क्रमांक वर सरकत नाही.

दुसरा आक्षेप दुचाकीवाल्यांचा. स्टेशनपासून दूरच्या वस्तीत स्वस्त घर घेतलेला कामगार नाइलाजाने दुचाकी बाळगतो, कारण तेथवर बस धड येत नाही. त्याची दुचाकी दोनएक चौरस मीटर जागा घेते. तेव्हा त्याचे भाडेही मोटारीच्या सहाव्या हिश्शाहून अधिक असता कामा नये. दिवसभर गाडी ठेवणाऱ्यासाठी बाजारापासून थोड्या अंतरावर अल्प दराचा मासिक पास असावा. सायकलीला शुल्क नसावे. घरोघर माल पोचवणाऱ्या मुलांना काही मिनिटांच्या थांब्यासाठी पावती फाडावी लागू नये.

तिसरा आक्षेप कंत्राटदारांविषयीचा आणि तो अनुभवातून आलेला आहे. ठरल्यापेक्षा अधिक वसुली, पावती न देणे, नगरसेवकाच्या माणसांकडे फिरणारी कंत्राटे आणि बारा तास उन्हात उभ्या राहणाऱ्या मुलाला किमान वेतनही न देणे, हे प्रकार ‘पे अँड पार्क’च्या नावाखाली लोकांनी पाहिले आहेत. परंतु रेशन दुकानदार काळाबाजार करतो म्हणून कोणी रेशनव्यवस्था मोडा असे म्हणत नाही. ती दुरुस्त करा असे म्हणतो. वसुली महापालिकेने स्वतः करावी, किंवा महिला बचतगट आणि बेरोजगारांच्या सहकारी संस्थांकडे सोपवावी. प्रत्येक रस्त्याची मासिक जमा प्रभाग कार्यालयाबाहेर फलकावर लागावी. नोकरांना कायद्याने ठरलेले वेतन मिळावे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जमलेल्या पैशाचे काय होते. अमेरिकेतील लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडेना शहराच्या जुन्या बाजारपेठेत १९९३ मध्ये रस्त्याकडेला मीटर बसवले गेले. तेथील व्यापाऱ्यांनीही आधी विरोधच केला होता. मीटरचे उत्पन्न त्याच बाजारपेठेचे पदपथ, दिवे, झाडे व सफाई यांवर खर्च होईल असे ठरले, तेव्हा त्यांचा विरोध मावळला. ग्राहकासाठी जागा मोकळी होऊ लागली आणि पडझड झालेली बाजारपेठ पुन्हा गजबजली. दुकानासमोरची जागा ग्राहकापेक्षा मालकाच्या व नोकरांच्या गाड्यांनीच दिवसभर अडलेली असते, हे आपल्याकडचे व्यापारीही खाजगीत मान्य करतील. अमेरिकेचे अनुकरण करण्याचा प्रश्न नाही. परंतु भाडे महापालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत गडप न होता त्याच परिसराच्या पदपथांवर, सार्वजनिक स्वच्छतागृहांवर आणि स्टेशनाला जोडणाऱ्या बसफेऱ्यांवर खर्च झाले, तर ते लोकांना लूट वाटणार नाही.

तेव्हा असा प्रस्ताव येईल त्या वेळी कार्यकर्त्यांनी ‘शुल्क रद्द करा’ एवढ्यावर थांबू नये. त्यांनी प्रस्तावाचा कागद मागवून घ्यावा आणि विचारावे : पदपथ किती रुंद ठेवणार? फेरीवाल्यांची जागा नकाशावर कोठे आहे? २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नेमावयाच्या नगर पथविक्रेता समितीचे मत घेतले काय? वसुली कोण करणार, नोकरांना वेतन किती आणि जमेतून बसच्या किती फेऱ्या वाढणार? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत तर प्रस्तावाला जरूर विरोध करावा. मिळाली तर मोटारवाल्यांची नाराजी पत्करूनही त्याच्या बाजूने उभे राहावे. चार मोटारी हलल्या तर अठ्ठेचाळीस पथाऱ्यांची जागा होते, हे गणित सभेतल्या कोणालाही समजेल. सांगणारा मात्र हवा.