‘आपण सगळे एक कुटुंब’

खंडेनवमीला यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात, पेढे वाटले जातात आणि मग मालक ‘दोन शब्द’ बोलतात. त्यात एक वाक्य ठरलेलं: ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत.’ टाळ्या पडतात. माझं भांडण या वाक्याशी आहे.

त्याचा कैवार घेणाऱ्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो. ते म्हणतात, नियमांनी माणूस बांधला जातो, पण जोडला जात नाही. जुन्या पेढीवर शेठ मुनिमाच्या मुलीच्या लग्नाला पैसे द्यायचे, दुखण्याखुपण्याला धावून जायचे. तिथे कुणी घड्याळ बघत नसे. तो जिव्हाळा कुठल्या नियमावलीत सापडणार?

जिव्हाळा खरा होता, मान्य. पण तो शेठजींच्या मर्जीवर होता. मुनिमाला मिळाला तो हमालाला मिळेलच असं नाही. थोरल्यांनी दिलं ते धाकटे देतीलच असंही नाही. शिवाय उपकाराखाली दबलेला माणूस चूक दिसली तरी तोंड उघडत नाही. आणि ‘कुटुंब’ आठवतं केव्हा? रात्री नऊपर्यंत थांबवून घ्यायचं असतं तेव्हा. माणसं कमी करायची वेळ आली की कुटुंबाची लगेच कंपनी होते. घरातल्या पोराला कुणी महिन्याभराची नोटीस देत नाही.

यावर जमशेदपूरचा दाखला हमखास येतो. टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आला, १९२० मध्ये भरपगारी रजा आणि भविष्य निर्वाह निधी, १९२८ मध्ये बाळंतपणाचे लाभ. हा दाखला माझ्याच बाजूचा आहे. यातली प्रत्येक गोष्ट मोजता येते, मागता येते. मुकादमाचं डोकं फिरलं म्हणून ती नाहीशी होत नाही. आणि एवढं असूनही त्याच गावात १९२०, १९२२ आणि १९२८ मध्ये संप झाले. मालक भला असला तरी त्याच्यासमोर उभं राहून बोलणारं कुणीतरी लागतंच.

मुंबईत तर रविवारची सुट्टीसुद्धा मागावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, सह्यांचे अर्ज दिले, तेव्हा कुठे १८९० मध्ये गिरणीमालकांनी ती कबूल केली.

मग कामाच्या जागेचं वातावरण निकोप होतं कशाने? माझ्या मते एका साध्या खुर्चीनेसुद्धा. केरळातल्या कापडदुकानांत विक्रेत्या बायकांना गिऱ्हाईक नसतानाही दिवसभर उभं राहावं लागे. कोझिकोडच्या बायकांनी हा प्रश्न लावून धरला आणि २०१८ मध्ये राज्याने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली. खुर्ची द्यायला मालकाला किती खर्च येतो? पण ती नसली की रोज दहा तास एकच निरोप मिळत राहतो: तुझे पाय आमच्या हिशेबात नाहीत.

म्हणून मालकांनी हिशेबापासून सुरुवात करावी. पगाराची तारीख चुकवू नये. जादा कामाचा दर फलकावर लावावा. कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्यानेच तो दुप्पट ठरवला. दहा माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती २०१३ पासून सक्तीची आहे. ती फाइलीत न ठेवता तिच्या सदस्यांची नावं सगळ्यांना तोंडपाठ होतील असं बघावं. याने जिव्हाळा आटतो म्हणणाऱ्यांनी एकदा वेळेवर पगार होणाऱ्या कारखान्यातला डबा खायला जावं. पोटाची धास्ती नसली की माणसं एकमेकांच्या ताटात आपणहून भाजी वाढतात.

पुढच्या खंडेनवमीला पेढे जरूर वाटा. ‘दोन शब्द’ मात्र एखाद्या हेल्परला बोलू द्या. तो मनातलं बोलला आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाळीला, त्याच यंत्रावर, त्याच पगारावर दिसला, तर खुशाल कुटुंब म्हणा. टाळ्या वाजवायला मीही येईन.