थंडी किती, यापेक्षा थंडी कधी

वाइनची द्राक्षे थंड डोंगरउतारावर चांगली पिकतात म्हटल्यावर नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळकडे नजर जाणारच. सातपुड्यातले हे पठार 1,100 मीटरहून उंच; खाली तापीखोऱ्यातले शहादे दोनशे मीटरच्याही खाली. शंभर मीटर चढल्यावर तापमान साधारण अर्धा-पाऊण अंशाने उतरते, म्हणजे वर-खाली पाच-सहा अंशांचा फरक. नाशिकच्या आपल्या बागा सहाशे मीटरच्या आसपास आहेत. हे आकडे मोहात पाडणारे आहेत. म्हणूनच रोपे नेण्याआधी हिशेब मांडला पाहिजे.

युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते आणि उन्हाळ्यात पिकते. आपली वेल झोपतच नाही. एप्रिलच्या खरड छाटणीने आपण काडी तयार करतो आणि ऑक्टोबरच्या छाटणीने घड घेतो. घड पिकतात ते थंडीच्या अखेरीस. दिवसा ऊन आणि रात्री गारवा मिळाला, तर साखर भरताना आम्ल टिकते. सोव्हिनियाँ ब्लाँची चव त्या आम्लावरच उभी असते.

तोरणमाळ आणि सातपुड्यातल्याच डाब भागात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात. रात्रीचा पारा दहा अंशांखाली रेंगाळला की वेलीची वाढ थबकते, मणी फुगत नाहीत, काढणी लांबते आणि पक्वता थेट उन्हाळ्याच्या तोंडी येते. मग गारव्याचा फायदा उरत नाही. छाटणी सप्टेंबरमध्ये ओढावी, तर परतीच्या पावसात कोवळ्या फुटीवर केवडा येतो, घड जिरतात. या दोन संकटांमधली फट किती रुंद आहे, यावरच सातपुड्यातल्या बागेचे भवितव्य ठरेल.

डाबच्या आदिवासी शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरी यशस्वी केली, हा दाखला मोलाचा आहे. पण स्ट्रॉबेरी पावसाळा सरल्यावर लावतात आणि उन्हाळ्याआधी उरकतात. वेलीला तोच पावसाळा दरवर्षी अंगावर घ्यावा लागतो. म्यानमारच्या शान पठारावर, तोरणमाळच्या जवळपासच्या अक्षांशावर, 1999 पासून आयथायाची वाइनरी उभी आहे. तिथेही मोसमी पाऊस पडतो. वाट आहे, पण ती अभ्यासाची आहे.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे. आधी दोन वर्षे उतारावर तापमान, पाऊस आणि पानांवरच्या ओलाव्याची रोजची नोंद ठेवा. मग पाच-दहा गुंठ्यांत, वेगवेगळ्या छाटणी-तारखांवर, दोन-तीन वाण लावून पाहा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

आणि प्रयोग जमिनीच्या धन्याचाच असू द्या. 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसाला जाते, विकता येत नाही. ती तशीच राहावी. नाशिकच्या बागायतदाराने तिथे छाटणीची कात्री आणि चाळीस वर्षांचा अनुभव घेऊन जावे; सातबाऱ्यावर डोळा ठेवून जाऊ नये. त्या उतारावर वारा कुठून येतो, दव कुठे साचते, हे तिथल्या शेतकऱ्याला आपल्याआधी ठाऊक आहे. पहिली नोंदवही त्याच्याच हाती द्या.