बूट एकच, जीएसटी दोन! दुकानाची शीट ॲपमध्ये इम्पोर्ट करण्याआधी हे बघा

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस. त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि ऐन सणाच्या गर्दीत कपड्यांच्या आणि चपलांच्या दुकानांना आपापल्या सॉफ्टवेअरमधले दर बदलावे लागले. घरचं दुकान असेल तर हे ‘कॉम्प्युटरचं काम’ कोणाकडे येतं, हे तुम्हाला माहीतच आहे.

नवा नियम ऐकायला सोपा आहे. कपड्याचा एक नग किंवा चपलांची एक जोडी २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याच्या वर १८ टक्के. आधी ही मर्यादा १,००० रुपये होती. कपड्यांना ५ आणि १२ टक्के, चपलांना १२ आणि १८ टक्के. बऱ्याच मालावरचे दर कमी झाले, बातम्यांमध्ये त्याचं कौतुकही झालं. पण मधली १२ टक्क्यांची पायरी गेल्यामुळे आता ५ वरून थेट १८ वर उडी आहे. २,५०० रुपयांचा बूट करासह २,६२५ ला पडतो आणि २,५०१ चा २,९५१ ला. एका रुपयाने ३२६ रुपयांचा फरक!

म्हणून व्हेरिएंट ही गोष्ट आता फक्त स्टॉक मोजण्यापुरती राहिलेली नाही. बुटाचं एक मॉडेल आठ नंबरांत आणि तीन रंगांत येत असेल तर ते प्रॉडक्ट एक, पण व्हेरिएंट २४. समजा, लहान नंबरांची किंमत कर सोडून २,२०० आहे आणि मोठ्या नंबरांची २,७००. मॉडेल तेच, पण अर्ध्या जोड्यांवर ५ टक्के आणि अर्ध्यांवर १८. शीटमध्ये कराचा कॉलम फक्त प्रॉडक्टला लावला तर यातली अर्धी बिलं चुकणारच. किंमत, कर, बारकोड आणि स्टॉक या चार गोष्टी प्रत्येक व्हेरिएंटच्या स्वतःच्या ओळीत हव्यात. या ओळी एकाच मॉडेलच्या आहेत हे सॉफ्टवेअरला कळायला एक कॉलम सगळ्यांत सारखा ठेवतात. शॉपिफायच्या शीटमध्ये त्याला ‘हँडल’ म्हणतात, इतरांकडे नाव वेगळं असतं.

इथे एक खाच आहे. डब्यावरची एमआरपी कर धरून असते, पण २,५०० ची मर्यादा कर सोडून मोजायची. २,६०० चं लेबल बघून कोणी सरळ १८ टक्के टाकतं. खरं तर ५ टक्क्यांनी मागे मोजलं तर मूळ किंमत २,४७६ येते, म्हणजे दर ५ टक्केच. चुकून १८ लावला तर त्याच २,६०० मधून १२४ ऐवजी ३९७ रुपये कर दिसतो. बिलावर दाखवून घेतलेला कर सरकारला भरावाच लागतो, म्हणजे एका जोडीमागे २७३ रुपये दुकानाच्या खिशातून. त्यामुळे ‘किंमत कर धरून की सोडून’ हा कॉलम रिकामा सोडू नका. शिवाय सेलमध्ये किंमत मर्यादेच्या खाली आली तर दरही बदलतो, म्हणून पक्का आकडा टाकण्यापेक्षा किमतीच्या स्लॅबनुसार दर लावण्याची सोय असेल तर तीच वापरा. टॅलीत ती आहे. आणि एमआरपी २,६२५ ते २,९५० च्या मधे असेल तर स्वतःच्या डोक्याने दर ठरवू नका, सीएंना विचारा. कारण मागे मोजताना कोणता दर धरायचा यावरच उत्तर फिरतं.

आता दुसरा शत्रू, तो म्हणजे खुद्द एक्सेल. भारतातल्या बऱ्याच मालावरचा बारकोड ८९० ने सुरू होतो आणि १३ अंकी असतो. एक्सेल त्याला मोठी संख्या समजून ८.९०१२३ई+१२ असं आखडून दाखवतं. तशीच सीएसव्ही सेव्ह केली तर शेवटचे अंक कायमचे गेले. एकाच कंपनीच्या बारकोडचे सुरुवातीचे अंक सारखे असतात, त्यामुळे २४ व्हेरिएंटना एकच बारकोड मिळू शकतो. सात नंबर स्कॅन केला तरी बिलात नऊ नंबर!

लहान मुलांच्या कपड्यांचं तर विचारूच नका. ‘६-७’ वर्षांचा साइझ टाइप केला की एक्सेल त्याची ६ जुलै करून टाकतं. हसू नका, शास्त्रज्ञही यात फसलेत. जनुकांची नावं तारखा बनत होती, म्हणून २०२० मध्ये ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशा मानवी जनुकांची नावंच बदलावी लागली. हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय मायक्रोसॉफ्टने दिली ती २०२३ मध्ये.

उपाय फार अवघड नाही. काही टाइप करायच्या आधीच बारकोड आणि साइझचे कॉलम टेक्स्ट करून घ्या. गुगल शीट्समध्ये ‘प्लेन टेक्स्ट’. तयार सीएसव्ही डबल क्लिक करून उघडू नका, कारण उघडताना एक्सेल पुन्हा तोच घोळ घालतं. डेटा मेन्यूतून आणा आणि ते कॉलम टेक्स्टच ठेवा. मराठी नावं असतील तर ‘यूटीएफ-८’ प्रकारची सीएसव्ही निवडा, नाहीतर ‘निळा’च्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. आणि रंगाचं नाव एकच ठरवा. ‘निळा’, ‘ब्ल्यू’ आणि ‘नेव्ही’ एकाच डब्याला लिहिलं तर सॉफ्टवेअरसाठी ते तीन वेगळे रंग आहेत. कोणता डबा कोणत्या रंगाचा हे दुकानातल्या जुन्या माणसाला विचारा, शीटला ते कळत नाही.

सगळी शीट एका दमात चढवू नका. आधी एकच मॉडेल इम्पोर्ट करा. मग रॅकवरून त्याचे दोन वेगळे नंबर आणा, एक मर्यादेखालचा आणि एक वरचा. दोन्ही स्कॅन करा, कच्चं बिल काढा आणि नंबर, किंमत, कराची टक्केवारी जुळते का ते बघा. जुळलं तर रात्री दुकान बंद झाल्यावर स्टॉक मोजून बाकीचा माल चढवा. दिवसा मोजलात तर मोजता मोजताच दोन जोड्या विकल्या जातील.